मापवाले आणि बायकोची इंटर्नशिप

दुकानात त्यांना सगळे मापवाले म्हणत. गिऱ्हाईक दारातून आत येतंय न येतंय तोच मापवाले त्याच्या पायांकडे बघून मनातल्या मनात नंबर सांगून मोकळे. सात, पण डावा जरा मोठा. आठ, पण चवडा रुंद. हा टोकदार बूट मागेल आणि चार दिवसांनी परत घेऊन येईल. तेवीस वर्षं त्यांनी ह्याच दुकानात काढली होती. उभं राहायचं, वाकायचं, बुटक्या स्टुलावर टेकायचं, जोडा चढवायचा, पुन्हा उभं राहायचं. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही, हा शेठचा नियम. बसलेला विक्रेता आळशी दिसतो म्हणे.

आणि इंटरनेटचा त्यांना मनस्वी राग होता. का नसावा? गिऱ्हाईक यायचं, अर्धा तास सहा जोड घालून आरशात मिरवायचं, मापवाल्यांकडून माप पक्कं करून घ्यायचं, आणि "जरा विचार करून येतो" म्हणून दुकानाच्या पायरीवरच फोन काढून तोच जोड दुसरीकडून मागवायचं. मापवाले काचेतून बघत राहायचे. त्यामुळे जेव्हा त्यांच्या सख्ख्या बायकोने जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं की ती इंटरनेटवरचं मार्केटिंग शिकणार आहे, तेव्हा त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला, यात नवल नाही.

"तू?" एवढंच ते म्हणाले. पण त्या 'तू'मध्ये काय काय होतं ते बायकोला बरोबर कळलं. संसार एकोणीस वर्षांचा होता.

लग्नाआधी ती एका छापखान्याच्या ऑफिसात होती. मुलगी झाली, नोकरी सुटली, आणि 'थोडी मोठी होऊ दे' म्हणता म्हणता मुलगी कॉलेजसाठी बाहेरगावी निघूनही गेली. तिनेच आईला आधी एक कोर्स लावून दिला होता. साठ व्हिडिओ. एक गृहस्थ पांढऱ्या भिंतीसमोर उभे राहून बोलायचे, ही वहीत लिहून घ्यायची. शेवटी नाव छापलेलं सर्टिफिकेट आलं. पण त्यानंतर एका ओळखीच्या शिंपिणीने "माझी एक जाहिरात टाकून दे ना गं" म्हटल्यावर ही कळफलकासमोर नुसती बसून राहिली. कुठलं बटण दाबू आणि दाबल्यावर काय होईल, हे साठ व्हिडिओंत कुठेच नव्हतं.

तो कोर्स मापवाल्यांना मनापासून आवडला होता. त्यातून काहीच निष्पन्न होत नव्हतं ना.

ही इंटर्नशिप मात्र निराळी निघाली. तीन महिने, घरबसल्या, पण काम खरं. आठ जण आठ ठिकाणांहून, आणि त्यांना शिकवणारी एक मॅडम, रोज सकाळी नऊला पडद्यावर हजर. कानाला हेडफोन, नाकावर गोल चष्मा, वय फार तर पंचवीस. मापवाल्यांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव चष्मेवाली ठेवलं. त्यांचं दुकान साडेदहाला उघडायचं, म्हणजे नऊचा तास कानावर पडायचाच. ऐकायचं नाही असं ठरवूनही ते बूट पुसायला नेमके बैठकीच्या दाराशी बसायचे.

बायकोची पहिली जाहिरात सपशेल आपटली. चार हजार लोकांना दिसली, एकानेही बोट लावलं नाही. मापवाल्यांना आतून बरं वाटलं. आता चष्मेवाली हिला चांगली फैलावर घेणार, म्हणून त्यांनी ब्रश थांबवून कान टवकारले. तर ती म्हणाली, "छान झालं. आता सांगा, लिहिताना डोळ्यांसमोर कोणाचा चेहरा होता?"

"कोणाचाच नव्हता," बायको म्हणाली.

"मग उद्या एक माणूस डोळ्यांसमोर आणा आणि त्याच्याशी बोला. आकडे आपण परवा बघू."

बस्स. एवढंच. ना आवाज चढला, ना अपमान. मापवाल्यांना त्यांचा पहिला महिना आठवला. नऊ नंबरच्या डब्यात आठ आणि नऊचा एकेक बूट घालून दिला म्हणून शेठने चारचौघांत तो डबा त्यांच्या अंगावर फेकला होता. त्यांना कोणी विचारलं नव्हतं की बाबा रे, कुठे चुकलं. चुकायला जागा, चुकल्यावर समजावणारं माणूस आणि वर दुसरी संधी, हे सगळं हिला घरात पंख्याखाली बसून मिळत होतं. मापवाल्यांना हेवा वाटत होता. दुसरं काही नाव द्यायचं कारणच नाही. पोटात दुखत होतं त्यांच्या, सरळ सरळ.

आणि दुखणं वाढत गेलं, कारण बायको शिकत गेली. आधी ती घाबरत बोलायची. दुसऱ्या महिन्यात मधेच थांबवून प्रश्न विचारायला लागली. एका हाताने गॅस बारीक करत दुसऱ्या हाताने आकडे बघायची. एका वाक्याच्या दोन जाहिराती करून कुठली चालते ते तपासायची. एके दिवशी मापवाले दमून आले तर तिने विचारलं, "अहो, तुमच्याकडे लोक सगळ्यात जास्त काय चुकीचं घेऊन जातात?"

खरं तर ह्या प्रश्नाची ते एकोणीस वर्षं वाट बघत होते. घरात कोणी विचारलंच नव्हतं. पण आता विचारलं ते त्यांच्यासाठी नाही, इंटर्नशिपसाठी, हे मनात आलं आणि जीभ वाकडी झाली.

"तुझ्या चष्मेवालीला विचार," असं म्हणून ते हातपाय धुवायला गेले.

शेवटच्या तीन आठवड्यांत खरी कसोटी होती. आठांपैकी तिघांना इंटर्नशिप देणारी कंपनी पक्क्या पगारावर ठेवणार होती, काम घरूनच. त्यासाठी प्रत्येकाला एक खराखुरा छोटा धंदा दिला होता. त्याची जाहिरात करायची, गिऱ्हाईक आणून दाखवायचं. बायकोच्या वाट्याला आली चपला करणारी एक लहानशी कंपनी. म्हणजे तिने मागूनच घेतली. "आमच्या घरात पायांवर बोलणं होत असतं," असं तिने मॅडमना सांगितलं. त्रेचाळीस वर्षांच्या बाईला दुसरी कोणी अशी संधी देणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्या तीन आठवड्यांत तिची झोपसुद्धा थाऱ्यावर नव्हती.

तिची नवी जाहिरात अशी: 'दुपारी चारनंतर पाय तुमचे राहत नाहीत? दिवसभर उभं राहणाऱ्यांसाठी.'

चष्मेवाली खूश. "हे वाक्य कुठून आणलंत?"

"असंच," बायको म्हणाली. "घरात सुचलं."

दाराशी बसलेल्या मापवाल्यांच्या हातातला ब्रश तसाच राहिला. घरात सुचलं? अहो, ते वाक्य त्यांचं होतं. शब्दन् शब्द त्यांचा. गेली कित्येक वर्षं दुकानातून आल्यावर खुर्चीत पडून ते म्हणत आले होते, 'दुपारी चारनंतर हे पाय माझे राहत नाहीत.' तेव्हा ही म्हणायची, 'मग गरम पाण्यात बुडवून बसा.' आणि आज तेच वाक्य हिने उचललं, त्यावर शाबासकी घेतली, आणि नाव काय सांगितलं तर घरात सुचलं. त्या दिवशी ते दुकानात गेले आणि एका बाईला पाच नंबरच्या जागी सहा नंबर देऊन बसले. त्या पहिल्या महिन्यानंतर असं कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला बाथरूममध्ये बसल्या बसल्या फोन चाळताना ती जाहिरात त्यांच्यासमोर आली. येणारच, गावातल्या उभं राहून काम करणाऱ्यांनाच ती दाखवली जात होती. त्यांनी बोट लावलं. बघू तरी हिने काय दिवे लावलेत. पानं पुढेमागे केली, किंमत बघितली, पानावरून बाहेर आले, पुन्हा बोट लावून आत गेले. मापांच्या पानावर मात्र ते थबकले. नुसती लांबी दिली होती. रुंदीचं नाव नाही. दिवसभर उभं राहणाऱ्याचा पाय संध्याकाळी फुगतो, चवडा पसरतो, हे ह्या लोकांना ठाऊकच नव्हतं. निम्मे जोड परत येणार, मापवाल्यांनी मनात म्हटलं, आणि त्यांना बरं वाटलं. सांगायचं मात्र त्यांनी नाव काढलं नाही.

त्या संध्याकाळी बायको काळजीत होती. "आज आठ वाजताच जाहिरात बंद पडली हो. दिवसाची रक्कम ठरलेली असते. कोणी बोट लावलं की त्यातला तुकडा जातो, मग तो घेवो न घेवो. आज सकाळीच कोणीतरी सगळी खाऊन टाकली."

मापवाल्यांनी ताटातून मान वर केली नाही. पण डोक्यात काहीतरी लख्ख झालं. एवढं सोपं आहे होय?

आता तुम्ही म्हणाल, माणूस इतका खालच्या थराला जातो का? जातो. आणि जाताना आपण काही फार वाईट करतोय असं त्याला वाटतही नाही. मापवाल्यांना वाटलं, वाक्य माझं, मग मी त्याला बोट लावलं तर बिघडलं कुठे? दुसऱ्या दिवशी सव्वासातला ते फोन घेऊन आत गेले. तिसऱ्या दिवशीही. दहा-दहा, बारा-बारा वेळा. बाहेरून बायको विचारायची, "अहो, पोट बरं नाही का?" आतून ते म्हणायचे, "हो, जरा बिघडलंय." आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.

असे नऊ दिवस गेले.

बायको मात्र हातपाय गाळून बसली नाही. इथेच तर ती साठ व्हिडिओवाली बाई राहिली नव्हती. तिने आकडे उलगडले, वेळा मांडल्या, कोण कुठल्या पानावर किती थांबतं ते बघितलं. आणि एका संध्याकाळी मापवाल्यांच्या समोर वही ठेवून म्हणाली, "एक माणूस आहे बघा. रोज सव्वासातला येतो. पुन्हा पुन्हा येतो. घेत नाही. पण मापांच्या पानावर गेला की तिथे मिनिट मिनिट थांबतो."

मापवाल्यांनी तोंडाकडे नेलेला घास परत ताटात ठेवला.

"मला आधी राग आला," ती म्हणाली. "मग वाटलं, बिचाऱ्याला चप्पल हवी आहे, पण काहीतरी अडतंय. मापाचंच अडत असणार. रोज उभा राहून दमत असेल, म्हणून तर सकाळी उठल्या उठल्या बघतो. मी त्याच्या जागी उभी राहून ते पान दहादा वाचलं. मग तुमचे पाय आठवले. संध्याकाळी तुमचा बूट निघत नाही. त्या पानावर रुंदीच दिलेली नाहीये हो."

  ज्या माणसाने तिचं वाटोळं करायला बोट लावलं होतं, त्याच्या पावलांवरून ती नेमकी दुखऱ्या जागेपर्यंत जाऊन पोचली होती. आणि वर त्या माणसाला बिचारा म्हणत होती. आपली बायको आपल्याइतकी हुशार आहे, किंबहुना काकणभर सरस, हे त्यांना त्या ताटावर कळलं. त्याने त्यांचं दुखणं कमी झालं असं समजू नका. उलट जास्त झोंबलं.

तिने चपलांच्या कंपनीला लिहून पान बदलून घेतलं. संध्याकाळी कागदावर पाय ठेवून रेघ काढा, चवड्याची रुंदी मोजा, मग नंबर निवडा. तीन दिवसांत अकरा जोड गेले. एकही परत आला नाही. सकाळची रक्कम बरीचशी खाल्ली जात असतानाही. चष्मेवाली म्हणाली, असंच चाललं तर पहिल्या तिघांत तुम्ही नक्की.

चौथ्या दिवशी सकाळी नऊला चष्मेवालीचा आवाज वेगळा होता. मापवाले मोजे चढवत होते.

"एक विचारायचं आहे," ती म्हणाली. "एकाच जागेवरून पुन्हा पुन्हा बोट लावलं की यंत्रणा ते पकडते. तुमच्या जाहिरातीची तशी यादी आज माझ्याकडे आली. शंभराच्या वर क्लिक एकाच इंटरनेट जोडणीवरून आहेत. आणि ती जोडणी तुमच्या घरची आहे."

बायकोने कळफलकावरचे हात मांडीवर घेतले.

"काही जण आकडे फुगवायला स्वतःच्याच जाहिरातीवर क्लिक करतात," चष्मेवाली हळू बोलत होती. "नियम तुम्हाला ठाऊक आहे. तसं असेल तर निवडीच्या यादीतून नाव काढावं लागतं. म्हणून आधी तुम्हालाच विचारते. घरात दुसरं कोणी आहे का, ज्याने केलं असेल?"

दाराच्या फटीतून मापवाल्यांना बायकोची पाठ दिसत होती. तिने वही ओढली. सव्वासात, सव्वासात, सव्वासात. तिचं बोट त्या ओळीवर गेलं आणि तिथेच थांबलं. सव्वासातला ह्या घरात कोण फोन घेऊन कुठे बसतं, हे तिला आणखी कोणी सांगायची गरज नव्हती. तिने वळून बघितलं नाही. वही मिटून बाजूला सारली. मग म्हणाली, "नाही. मीच केलं."

मापवाल्यांना क्षणभर वाटलं, सुटलो. हो, खरंच वाटलं, कशाला लपवा? आणि लगेच दुसरी गोष्ट ध्यानात आली. नवरा आपल्यावर जळतो हे परक्या पोरीला कळण्यापेक्षा चोर ठरलेलं बरं, असा हिशेब तिने मनात मांडला होता. इतकी तिला त्याची लाज वाटली होती. पाच-पंचवीस गिऱ्हाइकांसमोर अंगावर आलेला डबासुद्धा एवढा लागला नव्हता.

एका पायात मोजा, एक पाय उघडा, असे ते आत गेले आणि पडद्यासमोर उभे राहिले.

"मॅडम, ते मी," ते म्हणाले. "हिला माहीत नव्हतं."

चष्मेवालीने चष्मा सारखा केला. "तुम्ही कोण?"

"मी हिचा नवरा."

"तुम्ही चुकून केलंत का? लोक कौतुकाने बघतात कधी कधी."

सुटायला दार उघडं होतं. चुकून म्हटलं असतं तर सगळंच निभावलं असतं. तेवीस वर्षं त्यांनी गिऱ्हाइकाच्या प्रत्येक प्रश्नाला तयार उत्तर दिलं होतं. चावतोय? घालून घालून सैल होईल. सैल आहे? जाड मोजा घाला. आत्ता तसलं उत्तर त्यांनी दिलं नाही.

"नाही," ते म्हणाले. "हिची रक्कम संपावी म्हणून केलं. हिचं चाललेलं मला बघवलं नाही."

बायको वहीकडे बघत होती. चष्मेवालीने काहीतरी टिपून घेतलं. मग ती म्हणाली, "हे मला वर कळवावं लागेल. माझ्या परीने मी लिहीन. पण आधी ही जोडणी जाहिरातीतून वगळा. वगळायच्या पत्त्यांची यादी कुठे असते ते तुम्हाला ठाऊक आहे. माझ्यासमोर करा."

बायकोने यादी उघडली. घरच्या इंटरनेट जोडणीचा नंबर टाकला. मग वर न बघता विचारलं, "दुकानात इंटरनेट आहे?"

"आहे," मापवाले म्हणाले.

"नंबर कळेल?"

त्यांनी दुकानात सकाळीच येऊन बसणाऱ्या हिशेबनिसाला फोन करून तो लांबलचक नंबर मागून घेतला आणि एकेक आकडा बायकोला सांगितला. तिने तो टाकला. "तुमच्या फोनचं स्वतःचं?" त्यांनी फोन तिच्या हातात दिला. तिने त्यावरून त्यांना जाहिरात दाखवायच्या ज्या ज्या यादीतून काढता येत होतं त्या त्या यादीतून काढलं, आणि फोन परत टेबलावर ठेवला. हातात दिला नाही.

पाच दिवसांनी कळलं. तिघांत तिचं नाव होतं, तिसरं. चष्मेवालीच्या कंपनीने तिची वगळलेल्या पत्त्यांची यादी आणि मापांचं पान दोन्ही बघितलं होतं. मापवाल्यांना ही बातमी मुलीच्या फोनवरून कळली. तिला आईने आधी सांगितलं होतं.

त्या सकाळी ते लवकर तयार झाले. बायको टेबलाशी होती, पहिल्या पगारी कामाची जाहिरात चालू करून बसलेली. त्याच चपला, पण वाक्य नवं, असं ती मुलीला सांगताना त्यांनी ऐकलं होतं. आजवर तिचं एकही वाक्य त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. ते तिच्यामागे थोडा वेळ उभे राहिले.

"नवीन काय लिहिलंस?" त्यांनी विचारलं. "बघू तरी."

तिने लॅपटॉपचा पडदा किंचित खाली केला. रागाने नाही. घरातलं मीठ संपलंय हे सांगावं, तशा आवाजात ती म्हणाली, "तुम्हाला नाही दिसणार ती. मी वगळलंय ना तुम्हाला."

आणि ते दाराबाहेर पडून जोड्यात पाय घालेपर्यंत तिने पडदा पुन्हा वर केला नाही.